चिरलेले फळ काळे का पडते? विकर ओळखा, गर वाचवा



वांगी चिरली की ती लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची, हे आपल्या घरातल्या लेकीबाळींना कुणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. बटाट्याच्या फोडी पाण्यात ठेवायच्या, कच्च्या केळ्याचे वेफर थेट कढईवरच किसायचे, हेही आपण आईकडून, सासूबाईंकडून शिकलो. असे का करायचे, म्हणून विचारले तर उत्तर एकच येते : ‘नाहीतर काळे पडते.’ बरोबर आहे. पण काळे का पडते? आणि वांग्याला जो उपाय चालतो तो सीताफळाला का चालत नाही?

हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नाही. तो पैशाचा आहे. पावसाळा सरता सरता पुरंदर तालुक्यात सीताफळाचा हंगाम भरात येतो. सासवडच्या बाजारात पाट्यांमागून पाट्या उतरतात. सीताफळ हे थांबणारे फळ नव्हे. डोळे उघडलेले तयार फळ काढले की चार-दोन दिवसांत ते मऊ पडते. त्या दिवशी भाव नसेल तर माल परत घरी आणूनही उपयोग होत नाही. अशा वेळी गर काढून ठेवणे हा एक चांगला मार्ग आहे. पण काढलेला पांढराशुभ्र गर डोळ्यांदेखत तांबूस, मग तपकिरी होतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

मी कृषी विस्ताराच्या नोकरीत आहे आणि राहतो पुण्याच्या कर्वेनगरात. कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक गाव. इथेच १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवा भगिनींसाठी झोपडी उभारली आणि पुढे त्यांच्या संस्थेचा वटवृक्ष झाला. आज या गावाची शेते राहिली नाहीत. तिथे इमारती आणि दुकाने आहेत. म्हणजे आता हे गाव पिकवणाऱ्याचे नाही, विकत घेणाऱ्याचे आहे. तुमच्या मालाचे गिऱ्हाईक इथे बसते. सीताफळाची रबडी, बासुंदी, आइस्क्रीम यांना इथे मागणी आहे. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी आधी खाते. गर तपकिरी दिसला की ‘खराब झाला’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. वास्तविक तो बहुतेक वेळा सडलेला नसतोच.

सडणे वेगळे, काळवंडणे वेगळे

सडणे हे बुरशीचे आणि जिवाणूंचे काम. त्याला वास येतो, पाणी सुटते, फेस येतो, तार येते. असा माल फेकूनच द्यावा. पण फोड चिरल्यावर पाच-दहा मिनिटांत जो रंग चढतो, तो काही जंतूंचा नव्हे. इतक्या थोड्या वेळात जंतू ते काम करू शकत नाहीत. ते काम फळ स्वतःच करते.

फळाच्या पेशीत दोन कोठारे कल्पून पाहा. एका कोठारात फिनॉल जातीची तुरट द्रव्ये असतात. दुसऱ्यात एक विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. पेशीतली एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारे प्रथिन. दुधाला विरजण लावल्यावर त्यात जे चालते, तेही शेवटी जिवाणूंच्या पेशीतल्या विकरांचेच काम असते. फळ अखंड आहे तोवर ही दोन कोठारे वेगळी राहतात. सुरी फिरली, फळ आपटले, पाटीत दबले, की मधली भिंत फुटते. विकर आणि फिनॉल एकत्र येतात, हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो आणि फिनॉलचे क्विनोन नावाचे पदार्थ तयार होतात. हे क्विनोन एकमेकांत गुंफले जाऊन तपकिरी रंग बनतो. या विकराचे नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज.

झाडाने हे कशासाठी ठेवले असावे? किडीने कुरतडले, रोगाने जखम केली, की त्या जागी तपकिरी थर धरतो आणि पुढचा शिरकाव अवघड होतो. म्हणजे झाडाच्या दृष्टीने हा राखणदार आहे. आपल्या दृष्टीने मात्र तो गराचा वैरी ठरतो. सगळीकडे वैरीच ठरतो असेही नाही. चहाची पाने चुरडून हवेवर ठेवतात तेव्हा हाच विकर त्यांना काळेपणा आणि चव देतो. हिरव्या चहाची पाने आधीच वाफेने किंवा तव्यावर तापवून हा विकर मारलेला असतो. म्हणून ती हिरवी राहतात.

एक खुलासा इथेच करतो. लोखंडी विळीवर चिरलेले कच्चे केळे निळसर काळे होते. त्याला विकर जबाबदार नसतो. फळातली तुरट द्रव्ये आणि लोखंड यांच्या संयोगाचा तो रंग. त्यावर उपाय सोपा : स्टीलची सुरी वापरा.

गर्दीतून चोर वेगळा काढणे

आता शास्त्रज्ञ काय करतात ते पाहू. जपानमध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ साली लाखेच्या झाडाच्या चिकात असा रंग आणणारा पदार्थ असल्याचे दाखवले. पुढे फ्रान्समध्ये गाब्रिएल बर्त्रां यांनी त्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत या जातीच्या विकरांचा अभ्यास केला. १९३७-३८ च्या सुमारास कुबोविट्झ यांनी बटाट्यातून आणि कैलिन व मान यांनी अळिंबीतून हा विकर बराच शुद्ध करून काढला. तेव्हा कळले, की त्याच्या गाभ्यात तांबे आहे. तांबे काढून घेतले की तो निकामी होतो.

तो शुद्ध कशाला करायचा? कारण फळाच्या रसात साखर, आम्ले, पेक्टिन, शेकडो प्रथिने आणि दुसरेही विकर असतात. त्या गर्दीत कोण काय करतो ते कळत नाही. शिवाय रस काढताच फिनॉलचे क्विनोन होतात आणि ते त्या विकरालाच चिकटून त्याला बिघडवतात. म्हणून काम सुरुवातीपासून थंडीत करावे लागते. फळ बर्फासारख्या गार द्रावणात वाटतात. त्या द्रावणाचा सामू ठरलेला असतो. जमिनीच्या माती परीक्षणात आपण बघतो तोच हा सामू. द्रावणात क जीवनसत्त्व आणि फिनॉल शोषून घेणारी एक भुकटी टाकतात. मग चोथा गाळून, रस यंत्रात जोरात फिरवून गाळ खाली बसवतात.

त्यापुढची पायरी तुम्हाला ओळखीची वाटेल. वरच्या निवळ रसात अमोनियम सल्फेट घालतात. होय, आपण पिकाला घालतो ते २०.६ टक्के नत्राचे खत ज्या क्षाराचे, तोच क्षार. प्रयोगशाळेत मात्र तो अतिशुद्ध असतो. हा क्षार पाण्यात इतका विरघळतो, की एक लिटर गार पाण्यात सुमारे ७०० ग्रॅम मावतो. तो पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि प्रथिने एकेक करून साक्याच्या रूपाने खाली बसतात. कुठले प्रथिन किती क्षाराला बसते हे ठरलेले असते. म्हणून थोडा क्षार घालून नको ती प्रथिने आधी काढून टाकायची, आणखी क्षार घालून हवा तो विकर खाली बसवायचा. नंतर तो साका सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवला की क्षार बाहेर निघून जातो आणि विकर आत राहतो. शेवटी काचेच्या उभ्या नळीत भरलेल्या बारीक कणांतून तो हळूहळू उतरवतात. या कणांवर विद्युतभार असतो. निरनिराळी प्रथिने त्यांना कमीजास्त चिकटतात आणि वेगवेगळ्या वेळी खाली येतात.

(घरात कुणी खताचे अमोनियम सल्फेट गरात घालू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो.)

दुधाचे तूप करण्यासारखेच हे आहे. दही, ताक, लोणी, तूप. प्रत्येक पायरीला माल कमी होतो आणि कस वाढतो. हिशेब असा मांडतात. समजा, मूळ रसात विकराची शक्ती १००० एकके आणि प्रथिने ५०० मिलिग्रॅम. म्हणजे दर मिलिग्रॅमला २ एकके. अमोनियम सल्फेटच्या पायरीनंतर ७०० एकके उरली, पण प्रथिने १०० मिलिग्रॅमच. म्हणजे दर मिलिग्रॅमला ७. नळीतून उतरल्यावर ३०० एकके आणि प्रथिने ५ मिलिग्रॅम. म्हणजे दर मिलिग्रॅमला ६०. शक्ती ३० टक्केच हाती आली, पण शुद्धता ३० पट झाली.

पकडलेल्या चोराला विचारायचे पाच प्रश्न

विकर हाती आला की त्याची ओळख पटवायची. कॅटेकॉल नावाचा एक फिनॉल त्याला खायला देतात. रंग नसलेले द्रावण पिवळे-तपकिरी होऊ लागते आणि तो रंग किती वेगाने चढतो हे यंत्रावर मोजतात. मग प्रश्न विचारतात.

पहिला : कोणता सामू मानवतो? बहुतेक फळांच्या विकराला ५ ते ७ च्या आसपासचा सामू आवडतो. ३ च्या खाली तो जवळजवळ हात टेकतो. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात असतो. लिंबू पिळण्यामागचे शास्त्र हेच.

दुसरा : किती उष्णता सोसतो? पुष्कळ फळांतला हा विकर ७० ते ९० अंश सेल्सिअसला काही मिनिटांत निकामी होतो. भाजी उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवतात ती यासाठीच.

तिसरा : थंडीत काय करतो? तो मरत नाही, नुसता सुस्तावतो. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतो. उलट गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे त्याला खुराक जास्तच मिळतो. नुसता गोठवलेला गर बाहेर काढल्यावर झपाट्याने काळवंडतो तो यामुळे.

चौथा : कोणता फिनॉल किती आवडतो आणि किती थोड्यावर भागते? यात फळाफळांत, जातीजातींत फरक निघतो.

पाचवा : कशाने अडतो? आम्ल, मीठ, क जीवनसत्त्व, गंधकाची संयुगे, तांबे बांधून ठेवणारी द्रव्ये, यांपैकी काय आणि किती?

या पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्येक फळाची निराळी येतात. सफरचंदाचे उत्तर सीताफळाला लावता येत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञांना एकेका फळाचा विकर वेगळा करून तपासावा लागतो. या अभ्यासाचा एक टोकाचा उपयोगही झाला आहे. विकर बनवणाऱ्या जनुकांचे काम थांबवून, चिरल्यावर लवकर न काळवंडणारे सफरचंद तयार करण्यात आले आणि २०१५ साली अमेरिका व कॅनडा या देशांनी त्याला परवानगी दिली.

आपल्याच जिल्ह्यांतले उदाहरण : बेदाणा

सांगली-तासगावकडचे द्राक्ष बागायतदार या विकराशी दर हंगामात सामना देतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो तसाच राहिला तर पाणी हळू निघते, वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात विकर मणी तपकिरी करून टाकतो. म्हणून घड एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल या प्रमाणाच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमध्ये सावलीत जाळीवर वाळवतात. मेण विरते, पाणी लवकर उडते, विकराला वेळ आणि ओलावा दोन्ही अपुरे पडतात. हिरवट-पिवळा बेदाणा मिळतो तो असा. इथे विकराला मारलेला नाही. त्याच्या आधी काम उरकले आहे.

घरी करून पाहा : पाच बशा

प्रयोगशाळा विचारते तेच प्रश्न तुम्ही स्वयंपाकघरात विचारू शकता. मुलांना सोबत घ्या. एक ताजा बटाटा किंवा वांगे घ्या आणि स्टीलच्या सुरीने सारख्या पातळ चकत्या करा.

पहिल्या बशीत चकत्या तशाच ठेवा. दुसऱ्या बशीत लिंबाचा रस चोळून ठेवा. तिसऱ्या बशीत मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून काढलेल्या. चौथ्या बशीत उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवून, गार पाण्यात टाकून काढलेल्या. पाचव्या वाटीत साध्या पाण्यात पूर्ण बुडवलेल्या. घड्याळ लावा. पंधरा मिनिटे, अर्धा तास, एक तास. प्रत्येक वेळी रंग वहीत लिहा.

पहिली बशी आधी काळवंडेल. लिंबाची आणि उकळलेली बशी सर्वांत टिकतील. मिठाची मध्यंतरी कुठेतरी. पाण्यातल्या चकत्या बुडालेल्या आहेत तोवर बऱ्या राहतील, कारण पाण्यात प्राणवायू थोडा. बाहेर काढल्या की रंग चढू लागेल. यानंतर हाच प्रयोग तुमच्या बागेतल्या फळावर करा. पेरू, चिकू, केळी, जे असेल ते. तुमच्या फळाला काय लागू पडते ते तुमच्या वहीत असेल.

सीताफळाच्या गरासाठी

सीताफळाची अडचण अशी, की उकळण्याचा सोपा मार्ग इथे बंद आहे. गर तापवला की कडवटपणा येतो आणि मूळ सुवास जातो. लिंबू भरपूर पिळावे तर गोडव्याची चव बिघडते. मीठ तर चालणारच नाही. म्हणजे हवा, वेळ आणि क जीवनसत्त्व या तिन्हींवर भिस्त ठेवावी लागते.

१. झाडावर तयार झालेली, पिकून मऊ पण न फुटलेली फळे निवडा. दबलेली, काळे डाग पडलेली फळे बाजूला काढा. तिथे विकराचे काम आधीच सुरू झालेले असते. फळे धुऊन कोरडी करा.

२. सुरी, चमचे, चाळणी, पातेली सगळी स्टीलची घ्या. तांब्या-पितळेची भांडी नकोत. तांब्याने क जीवनसत्त्व नासते.

३. एका वेळी दोन किलोच गर काढा. ढीगभर फळे फोडून ठेवू नका. सालीलगतचा खरखरीत थर खरवडू नका.

४. खाण्याच्या दर्जाची क जीवनसत्त्वाची पूड, एक किलो गराला १ ते २ ग्रॅम, चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून गर निघताच त्यात मिसळा. तयार होणाऱ्या क्विनोनला ते परत फिनॉलमध्ये फिरवते. ते संपले की रंग चढू लागतो. म्हणून हा कायमचा उपाय नव्हे, वेळ मिळवण्याचा उपाय आहे.

५. बिया चाळणीवर हलक्या हाताने वेगळ्या करा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका. बी फुटले तर गर बिघडतो. शिवाय सीताफळाचे बी विषारी असते आणि त्याची पूड डोळ्यांना फार घातक आहे. मुलांपासून दूर ठेवा.

६. गर पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, पिशवी सपाट आणि पातळ ठेवा म्हणजे लवकर गोठेल. उणे १८ अंशांच्या शीतपेटीत ठेवा. वर तारीख लिहा.

७. वापरताना बंद पिशवीतच, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. उघडली की लगेच वापरा. पुन्हा गोठवू नका.

बाजारात गर टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. ते प्रभावी आहे. पण अंदाजाने चिमूटभर घालण्याची ती वस्तू नाही. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, त्याचे प्रमाण कायद्याने ठरलेले आहे आणि पाकिटावर तसे लिहावे लागते. प्रशिक्षण घेऊन, वजनकाट्यावर मोजूनच ते वापरावे. विक्रीसाठी गर करायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्यावी. फळझाडाच्या प्रश्नांसाठी पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. गर-प्रक्रियेच्या प्रशिक्षणाची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

शीतपेटी एकट्या घराला परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तिथे बचत गटाने एकत्र यावे. पाच-सहा घरांनी मिळून एक शीतपेटी, एक वजनकाटा आणि स्टीलची भांडी घेतली, तर भाव पडलेल्या दिवशीचा माल रस्त्यावर ओतावा लागणार नाही. पहिल्या वर्षी घरापुरता, पाहुण्यांपुरता गर करा. रंग आणि चव साधली की मग गिऱ्हाईक शोधा. विजेची खात्री नसेल तर मोठा साठा मात्र करू नका. वितळलेल्या गराला पुन्हा पांढरा करणारा उपाय नाही.

यंदा पहिली तोडणी करण्याआधी एक दिवस पाच बशा मांडून पाहा. मग पाव किलो गर घेऊन त्याचे दोन भाग करा. एकात क जीवनसत्त्व घाला, एकात घालू नका. दोन्ही आठ दिवस गोठवून, वितळवून शेजारी शेजारी ठेवा. कोणता गर विकण्याजोगा आहे, ते घरातली पोरेसुद्धा बोट दाखवून सांगतील.